किल्ला मक्त्यानें देतांना

सन 2019 च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र सरकार 25 किल्ले हॉटेलांसाठीं भाड्यानें देणार, अशी बातमी पसरली व मोठा गवगवा झाला. तेव्हां सरकारनें खुलासा केला कीं, शिवाजी महाराजांशीं संबंध असलेल्या व संरक्षित किल्ल्यांस हात लागणार नाहीं. बेत होता तो बाकीच्यांचा. आमचा प्रश्न येथेंच सुरू होतो. ज्यास थोरांचें नांव आहे तो किल्ला वाचला. ज्यास नुसते पाथरवटाच्या छिन्नीचे घाव आहेत, त्याचा धनी कोण?

आपल्या वऱ्हाडांत नरनाळा व गाविलगड संरक्षित आहेत. अशा वास्तूभोंवतीं 100 मीटरपर्यंत नवें बांधकाम करण्यास कायद्यानें बंदी आहे. गाविलगड 1425 सालीं अहमदशहा बहमनीनें बांधला, असें मुलें शाळेंत पाठ करतात. पण बादशहानें एक तरी धोंडा उचलला काय? धोंडे फोडले बेलदार-पाथरवटांनीं, चुना मळला मजुरांनीं, आणि पैसा गेला रयतेच्या साऱ्यांतून.

हॉटेल मुळींच नको, असें आम्ही म्हणत नाहीं. ओस वास्तु ढासळते व तिचे दगड चोरीस जातात, हें खरें. राजस्थानांत नीमराण्याच्या किल्ल्यांत 1991 पासून हॉटेल चालू आहे. पण आमच्या मुलाबाळांनीं अशा दारांतून केवळ ताटें घासावयासच शिरावें काय?

म्हणून अटी आधीं ठरवाव्या. चूल व मोऱ्या जुन्या भिंतींपासून दूर असाव्या. धूर, तेलकटपणा व सांडपाणी दगडास खातात. डागडुजी चुन्यानेंच व्हावी. सिमेंट ओल कोंडून धरतें व जुना दगड फुटतो. तें काम गांवच्या कारागिरांस मिळावें. गांवकऱ्यांस दरवाजा बिनतिकीट उघडा असावा. किल्ल्यांतील टाक्यांचें पाणी गांवाच्या तोंडचें काढून पाहुण्यांच्या न्हाणीघरांत जाऊं नये. खारपाणपट्ट्यांतील माणसास गोड्या पाण्याचें मोल सांगावें लागत नाहीं. आणि सगळा करार मराठींत, ग्रामसभेपुढें वाचला जावा.

बंधुभगिनींनो, दोन एकर वावर मक्त्यानें देतांना आपण बांध, विहीर, धुरा सगळें बोलून घेतों. मग वाडवडिलांच्या हातांनीं उभा राहिलेला किल्ला देतांना गप्प कां बसावें? ग्रामसभेची दवंडी पिटेल त्या दिवशीं घरीं बसूं नका.