साप पाळावा, पण कुठला?

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात एक वाद झाला. तास ऑफ होता, त्यामुळे वादाला भरपूर वेळ मिळाला. विषय निघाला होता बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या मिरवणुकीचा. ती उच्च न्यायालयाने बंद केली हे बरे झाले की वाईट, यावर दोन तट पडले होते. बोलता बोलता मी सांगून गेलो, की सातवीत असताना मीही एक धामण पाळली होती. माझा एक शहरातला वर्गमित्र ताडकन् म्हणाला, "म्हणजे तू गुन्हेगार आहेस. मीही साप पाळतो, पण माझा पैदाशीचा आहे. पकडलेला नाही." आणि त्याने फोनवर आपल्या सापाचा फोटो दाखवला. पिवळसर, तपकिरी नक्षीचा, वेटोळे करून बसलेला. बॉल पायथन. दिसायला खरोखर सुंदर.

मला राग आला, हे कबूल करतो. बांधावरची धामण डब्यात ठेवणारा खेड्यातला पोरगा गुन्हेगार, आणि हजारो रुपये मोजून आफ्रिकेचा अजगर काचेच्या पेटीत ठेवणारा हौशी प्राणिमित्र! पण राग हा काही मुद्दा नव्हे. म्हणून लिहायला बसलो.

आधी माझ्या धामणीबद्दल. ती मी उसाच्या पाचटात पकडली आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यात ठेवली. डबा धुतला होता, तरी वास गेला नव्हता. वर जाळी बांधली. बेडूक टाकला, उंदराची पिल्ले टाकली, तिने शिवलेही नाही. दिवसभर ती जाळीवर तोंड घाशी. आठव्या-नवव्या दिवशी तिच्या नाकाडावरचे खवले निघून लाल मांस दिसू लागले. मी तिला पाणी पाजत होतो आणि मनात समजत होतो, की हिला आता माझी सवय होत आहे. अकराव्या दिवशी आबांनी डबा पाहिला. मारले नाही. एवढेच म्हणाले, "आरं, ती आपल्या रानाची राखण हाय. उंदरं काय तू धरणार का?" आणि स्वतः डबा नेऊन बांधावर उपडा केला.

तेव्हा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मला ठाऊक नव्हता. आबांना तर आजही ठाऊक नाही. धामण पकडणे आणि घरात बाळगणे त्या कायद्याने गुन्हा आहे. माझा मित्र शब्दशः खरे बोलला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो बरोबरच होता. रानातून धरलेला साप बहुधा खात नाही, काचेवर किंवा जाळीवर डोके घासून जखमी होतो, अंगात जंत आणि अंगावर किडे घेऊन आलेला असतो, आणि कोंडल्यावर त्यांनीच खंगतो. आज गावोगाव काही तरुण गळ्यात "सर्पमित्र" अशी पाटी अडकवून घरी बरण्या भरून ठेवतात आणि सापाबरोबर चित्रफिती काढतात. त्यांना माझ्या धामणीचे नाकाड दाखवायला हवे होते.

याचा अर्थ पकडणे हेच पाप, असे मात्र मी म्हणणार नाही. तमिळनाडूत इरुळा जमातीच्या लोकांची १९७८ पासून एक सहकारी संस्था आहे. हे लोक सरकारी परवान्याने नाग, मण्यार, घोणस, फुरसे पकडतात, काही आठवडे ठेवून त्यांचे विष काढतात आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरची लस होते. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचे प्राण त्या लशीवर अवलंबून आहेत. तेथे पकडण्याला कारण आहे. माझ्याकडे फक्त हौस होती.

आता मित्राचा साप. पैदाशीच्या सापाची बाजू भक्कम आहे, हे मी मानतो. बंदिवासातच अंड्यातून निघालेले पिल्लू उंदीर निमूट खाते, हाताळू देते, आणि त्याच्यासाठी कुणाचे रान रिते होत नाही. पाळायचाच असेल तर तोच पाळावा. प्रश्न एवढाच, की "पैदाशीचा" म्हणजे काय?

जनावरांच्या व्यापारासाठी १९७३ साली झालेला एक आंतरराष्ट्रीय करार आहे, साइटीस. भारत १९७६ पासून त्यात आहे. त्याच्या कागदांवर प्रत्येक प्राण्यापुढे अक्षर लिहितात. रानातला असेल तर "डब्ल्यू", खऱ्या पैदाशीचा असेल तर "सी", आणि या दोहोंच्या मध्ये एक "आर". हे "आर" मोठे मौजेचे आहे. टोगो, बेनिन, घाना या देशांत शिकारी बिळे खणून गाभण माद्या आणि अंडी आणतात. अंडी व्यापाऱ्याच्या आवारात उबतात आणि पिल्ले परदेशी जातात. पिल्लू आवारात जन्मले हे खरे, पण आई बिळातून उपसलेली. आमच्या भाषेत सांगायचे तर शेजाऱ्याची गाभण म्हैस ओढून आणायची आणि रेडकू आपल्या गोठ्यातले म्हणून बाजारात विकायचे! त्याच बेनिनमध्ये उइदा गावी या अजगरांचे मंदिर आहे. रात्री एखादा कुणाच्या घरात शिरला तर लोक त्याला उचलून परत आणून सोडतात. वाचताना मला आमची नागपंचमीच आठवली.

मी मित्राला विचारले, "तुझ्या सापाचे आईबाप कुठले?" त्याने नोंदणीचा कागद दाखवला. कागद खरा आहे, पण तो काय सांगतो? २०२० साली केंद्र सरकारने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. त्या मुदतीत जो स्वतःहून माहिती देईल, त्याच्याकडे कागदपत्रे मागायची नाहीत, अशी ती सवलत होती. मित्राच्या घरच्यांनी त्याच मुदतीत नोंद केली. २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर नोंद सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण त्या सवलतीतल्या नोंदीने साप तुमच्या घरी आहे एवढेच ठरते. तो कुठून आला हे ठरत नाही. बँकॉकच्या विमानातून उतरलेल्या पिशव्यांत अजगराची पिल्ले सापडल्याच्या बातम्या चेन्नई, बंगळूर, मुंबई येथून वरचेवर येतात. न सापडलेली पिल्ले कुठे जातात?

आणि खऱ्या पैदाशीतही सगळे गोड नाही. रंगाच्या हौसेपायी तयार केलेला "स्पायडर" नावाचा एक वाण आहे. त्याला जन्मतःच डोके स्थिर धरता येत नाही, ते डुलत राहते. तरी तो विकला जातो, कारण नक्षी देखणी.

माझे मत मी त्याला सरळ सांगितले. माझी धामण चुकीची होती. त्याचा अजगर, आईबाप पैदाशीचे असल्याचे दाखवता आले, तर चुकीचा नाही. दाखवता येत नसेल, तर आम्हा दोघांत फरक फक्त पावतीचा. तो म्हणाला, "प्रत्येक जण एवढी चौकशी करत बसला तर कुणी साप घेणारच नाही." मी म्हटले, चालेल.

वाद तिथे थांबला. मैत्री तुटली नाही. मागच्या रविवारी त्याच्या घरी जाऊन मी तो साप हातात घेऊन पाहिला. थंड, जड, शांत. त्याला माझे काही सोयरसुतक नव्हते. असा साप नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे जगतो. माझा मित्र मात्र पदवी झाली की नोकरीसाठी बाहेरगावी जाणार आहे, आणि परदेशी साप आबांसारखा बांधावर उपडा करता येत नाही. मी विचारले, "मग याचे काय?" तो म्हणाला, "आई बघेल."

त्याची आई तेवढा वेळ दाराबाहेर उभी होती. चहाचे कप तिने तिथूनच आत सरकवले होते.