बेरीज सांगते ते अर्धेच

संपादक महोदय,

फेडररवरील २४-१६ अशा आघाडीने नदालची शैलीच श्रेष्ठ ठरते, हे आपल्या अंकातील लेखाचे मत आकड्यांपुढे टिकत नाही. लाल मातीवर नदाल १४-२ असा पुढे आहे. हार्ड कोर्ट आणि हिरवळीवरच्या २४ लढतींत मात्र फेडरर १४-१० असा सरस आहे. मातीवर नदालचा टॉपस्पिन फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर गाठतो. हिरवळीवर तोच चेंडू खाली राहतो. २००८ची विम्बल्डनची अंतिम लढत नदालने जिंकली, असा आक्षेप येईल. ते खरेच, पण हिरवळीवरच्या उरलेल्या तिन्ही लढती फेडररच्या आहेत.

‘सर्व्हिसच्या जोरावरचा खेळ संपला’ हे त्याच लेखातील विधानही घाईचे आहे. २०१९ मध्ये पुण्यात, बालेवाडीला, महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यात केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच या सर्व्हिसवरच भिस्त असलेल्या खेळाडूंचे तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता. शैलीचे मोल कोर्टानुसार बदलते. म्हणून श्रेष्ठत्वाचा निवाडा करण्याआधी सामना कुठे झाला, ते पाहिलेच पाहिजे.

— एक वाचक, अंतरवाली सराटी (जि. जालना)