नंबर आपला, मर्जी कंपन्यांची

मोबाईलला रेंज येत नाही, बोलता बोलता फोन कट होतो, इंटरनेट फिरतच राहते आणि कस्टमर केअरला फोन लावला तर 'एक दाबा, दोन दाबा' यातच दहा मिनिटे जातात. अशी तक्रार कोणी केली की शहाणी माणसे लगेच सल्ला देतात, एवढा त्रास कशाला, कंपनी बदलून टाका! सल्ला चुकीचा नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली. ३ जुलै २०१५ पासून तर दुसऱ्या राज्यात गेले तरी नंबर कायम ठेवता येतो. पण कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वसामान्य माणसाच्या हातात यातले किती आले, हा खरा प्रश्न आहे.

नियम पाहिला तर सोपा वाटतो. पोर्ट असा शब्द आणि आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षरी कोड येतो. तो घेऊन चार दिवसांच्या आत नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. राज्यातल्या राज्यात तीन आणि परराज्यात पाच कामकाजाच्या दिवसांत काम व्हावे, असे डिसेंबर २०१९ पासून ठरले आहे. जुन्या कंपनीने विनाकारण अडवले तर प्रत्येक प्रकरणी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे.

मग अडते कुठे? पहिल्याच पायरीवर अडवण्याचे प्रकार झाले. स्वस्त रिचार्जमध्ये एसएमएसची सोयच ठेवायची नाही, म्हणजे १९०० वर एसएमएस जाणारच नाही! ज्याला महाग परवडत नाही म्हणून कंपनी सोडायची आहे, त्याने सोडण्यासाठी आधी महाग रिचार्ज मारायचे, असा हा उफराटा न्याय होता. शेवटी ७ डिसेंबर २०२१ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायला आदेश काढावा लागला की, ग्राहकाचा प्लॅन कोणताही असो, १९०० वर एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे.

दुसरी अडवणूक पैशाची. प्रीपेड ग्राहकाने कंपनी सोडली की शिल्लक रक्कम आणि उरलेली मुदत बुडते. स्वस्त पडते म्हणून ८४ दिवसांचे किंवा वर्षाचे रिचार्ज मारले आणि पुढच्याच महिन्यात गावातला टॉवर बंद पडला, तर माणूस पैसे सोडून जाणार कसा? शिवाय एकदा पोर्ट केले की ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोयता घेऊन जातो. गावात ज्या कंपनीची रेंज आहे, तिची फडावर असेलच असे नाही. त्याने फडावर जाऊन कंपनी बदलली आणि दोन महिन्यांत फड दुसरीकडे हलला, तर ९० दिवस भरेपर्यंत मुकाट्याने बसायचे.

पण सर्वात मोठा प्रश्न आहे तो जायचे कुठे हा. २०११ साली हा हक्क मिळाला तेव्हा बाजारात डझनभर कंपन्या होत्या. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली आणि फुकटाच्या लाटेत छोट्या कंपन्या वाहून गेल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा गुंडाळली गेली, एअरसेल बुडाली, टेलिनॉर आणि टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले, ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल एवढेच उरले आहे. २७ आणि २८ जून २०२४ या दोन दिवसांत तिन्ही खासगी कंपन्यांनी दरवाढ जाहीर केली आणि ३ व ४ जुलैपासून ती लागू झाली. एका दुकानातून उठून दुसऱ्यात जावे, तर तिथेही तोच भाव! याला निवड म्हणायचे काय?

२०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने सिम चालू ठेवण्यासाठी २८ दिवसांचे ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आणले. जुलै २०२४ मध्ये याच दोन कंपन्यांचा २८ दिवसांचा अनलिमिटेड बोलण्याचा सर्वात स्वस्त प्लॅन १९९ रुपयांवर गेला. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. १९९ रुपयांनी तेरा रिचार्जचे २,५८७ रुपये होतात. २०२५-२६ साठी रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे घरातला एक फोन जिवंत ठेवण्यासाठी मजुराने वर्षातले आठ दिवस राबायचे. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचाही प्लॅन द्या असे सांगितले, डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट नको असलेल्यांसाठी फक्त बोलणे आणि एसएमएसचे रिचार्ज द्या असे सांगितले. पण दर किती ठेवायचा, हे कंपन्यांच्याच हाती राहिले.

अशा वेळी सरकारी कंपनी हा गरिबांचा आधार असायला हवा होता. देशात फोर-जी २०१२ साली सुरू झाले. बीएसएनएलला फोर-जी स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय झाला ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि तिच्या स्वदेशी फोर-जीचे देशव्यापी उद्घाटन झाले २७ सप्टेंबर २०२५ रोजी. शर्यतीत एकाचे पाय बांधायचे आणि मग तो हरला म्हणून हिणवायचे, असा हा प्रकार आहे. २०२४ च्या दरवाढीनंतर ग्राहक बीएसएनएलकडे वळले खरे, परंतु ज्या वस्तीत रेंजच नाही तिथे स्वस्त रिचार्ज काय कामाचे?

कोणी म्हणेल, परवडत नसेल तर फोन ठेवू नका. हे बोलणे आता निरर्थक आहे, कारण मोबाईल नंबर ही नागरिकाची ओळख बनली आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करणाऱ्या बाईला ओटीपी लागतो. रिचार्ज संपले की आधी जाणारे फोन बंद होतात, मग येणारे फोन आणि एसएमएसही बंद होतात. ९० दिवस वापर नसेल आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर नंबर काढून घेता येतो आणि पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. मग आधारमधला नंबर बदलण्यासाठी ७५ रुपये, बँकेत वेगळा अर्ज आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडालेली! सरकारने ओटीपी सक्तीचा करायचा आणि तो येण्याचा रस्ता मात्र खासगी टोलनाक्यावरून न्यायचा, हे चालणार नाही. सरकारी एसएमएस येण्यापुरते सिम अगदी नाममात्र दरात चालू राहिलेच पाहिजे, ही मागणी आता केली पाहिजे.

सेवा बंद पडल्यास भरपाईचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आला आहे. पण त्यासाठी अख्ख्या जिल्ह्यातील सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद पडावी लागते. एखाद्या तांड्यावरचा, वस्तीवरचा टॉवर आठ दिवस बंद असला तरी तो या हिशेबात धरला जात नाही. भरपाईचे मोजमाप जिल्ह्यावरून टॉवरवर आले पाहिजे.

तोवर हाती असलेले हत्यार वापरले पाहिजे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. २००९ च्या एका निकालामुळे ग्राहक मंचाचे दारही बंद झाल्यासारखे होते. परंतु १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक, पोर्ट नाकारल्याचा एसएमएस, रिचार्जची पावती जपून ठेवा. एकट्याने ओरडून कंपनी ऐकत नाही. वस्तीतल्या पन्नास जणांनी एकाच टॉवरबद्दल लेखी तक्रारी दिल्या, तर त्या सहज कचऱ्याच्या टोपलीत टाकता येणार नाहीत. कंपनी बदलण्याचा हक्क आपल्याला मिळालेला आहे. आता कंपन्यांना बदलायला भाग पाडण्याची ताकद संघटितपणे उभी करावी लागेल.