पीटीचा तास कुणासाठी?

शालेय शारीरिक शिक्षणाचा आपला इतिहास बहुधा दोनच तऱ्हांनी सांगितला जातो. एक तऱ्हा बी.पी.एड.च्या नोट्समधली. इंग्रजांनी कवायत आणली, १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वाय.एम.सी.ए.चे कॉलेज काढले, मग स्वातंत्र्य, मग समित्या, १९५७ ला ग्वाल्हेरचे शारीरिक शिक्षणाचे कॉलेज, १९६१ ला पतियाळाची क्रीडासंस्था, आणि झाला विकास! दुसरी तऱ्हा व्यासपीठावरची. समर्थांपासून आमच्याकडे सगळे होतेच, बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब होता, गावोगाव तालमी घुमत होत्या. इंग्रजी शाळेने पोरांना बाकावर बसवले आणि घात झाला. दोन्ही कथांत एक जण गैरहजर आहे: पटावरचे साधे मूल, ज्याला धड पळता येत नाही, उडी मारायला भीती वाटते आणि संघ निवडताना ज्याचे नाव सर्वांत शेवटी येते.

आधी व्यासपीठावरची कथा घेऊ, कारण ती आपल्याला जास्त प्रिय आहे. तालमीचा अभिमान मलाही आहे. पण ज्याला हौस आहे आणि अंगात धमक आहे, तो तालमीत जातो. बाकीचे घरी राहतात. मुलींना तिथे प्रवेशच नव्हता, आणि कोणत्या आळीची तालीम कोणाची हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. खाशाबा जाधव गोळेश्वरला वडिलांच्या हाताखाली कुस्ती शिकले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी वर्गणी जमवावी लागली, कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले. ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. तीत तालमीची ताकद दिसते हे खरे, पण एका मल्लाच्या गौरवाने हजार वर्गांतल्या मुलांच्या पाठीला आलेला बाक सरळ होत नाही.

गंमत अशी की परंपरेच्या नावाने आज गळा काढणाऱ्यांपेक्षा परंपरा जगणाऱ्या माणसांना हे आधी कळले होते. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ. या मंडळींनी व्यायाम तालमीच्या चार भिंतींतून मैदानात आणला. हुतूतू आणि खो-खो यांना नियम मिळाले, वेळ ठरली, पंच आले. लेझीम आणि मल्लखांबाचे सामुदायिक प्रयोग बसले, त्यांत ओळी, हुकूम, शिट्टी हे सगळे सरळसरळ पाश्चात्त्य कवायतीकडून घेतले आणि त्याची कुणाला लाज वाटली नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, ती याच घडणीतून. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. तेव्हा ‘सगळे इंग्रजांनी दिले’ हे जितके खोटे, तितकेच ‘सगळे आमचेच होते’ हेही खोटे. जे टिकले ते मेहनतीने जुळवून घेतलेले होते.

आता नोट्समधली कथा. तिच्यात समिती म्हणजे प्रगती असे गृहीत धरलेले असते. १८८२ च्या हंटर आयोगाने देशी खेळ, जिम्नॅस्टिक्स आणि शालेय कवायत यांना उत्तेजन द्यावे, तेही शाळेशाळेची परिस्थिती पाहून, अशी शिफारस केली होती. इतकी शहाणी शिफारस वसाहतीच्या सरकारकडून आली होती, हे मान्य करायला हवे. शाळांच्या वाट्याला मात्र आले पलटणीतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर, कारण कवायत स्वस्त पडते. एक माणूस, एक शिट्टी आणि दोनशे मुले.

स्वातंत्र्यानंतर ताराचंद समिती झाली, १९५० मध्ये शारीरिक शिक्षणाचे केंद्रीय सल्लागार मंडळ झाले. १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी दिल्लीत राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. विस्कटलेल्या मुलांना सावरणारी ती योजना चांगली होती आणि भोसल्यांची तळमळ खरी होती. पण ती देशभर पसरली तेव्हा शाळेत शारीरिक शिक्षण एकीकडे, शिस्त योजना दुसरीकडे आणि कॅडेट कोअर तिसरीकडे अशी ओढाताण सुरू झाली. ती सोडवायला १९५९ मध्ये हृदयनाथ कुंझरूंची समिती नेमावी लागली. त्यातून १९६५ मध्ये नॅशनल फिटनेस कोअर उभे राहिले. मधल्या काळात चीनशी युद्ध झाले आणि महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली. १९८२ चे दिल्ली एशियाड आले तशी सगळी नजर पदकांकडे वळली. त्याच वर्षी क्रीडा खाते झाले, १९८४ मध्ये क्रीडा प्राधिकरण.

हा क्रम नीट वाचा. शिस्त हवी होती, सैनिक हवे होते, पदके हवी होती. प्रत्येक वेळी मुलाच्या शरीराकडे दुसऱ्याच कामाचा कच्चा माल म्हणून पाहिले गेले. म्हणून काम बदलले की योजना बदलली आणि विषय आहे तिथेच राहिला. आजही दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. जो खेळाडू नाही त्याच्या वाट्याला एक श्रेणी येते, आणि ती कशी भरली जाते हे शिक्षकांना विचारा.

यावर ठरलेले उत्तर येते, मैदानच नाही तर काय करणार? ही सबब औंध संस्थानाने केव्हाच मोडीत काढली आहे. भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्याला सतरंजीएवढी जागा पुरते. राजाच्या आग्रहाने सगळ्यांनी एकच व्यायाम करायचा यात माझ्या मते उणीव होतीच. पण मुलगा आडदांड असो की किडकिडीत, त्याची रोज काही मेहनत झालीच पाहिजे, हा आग्रह आजच्या कोणत्याही योजनेपेक्षा पुढचा होता.

खरी अडचण मैदानाची नाही, माणसाची आहे. हे खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांताला समजले होते. स्वामी कुवलयानंदांसारख्यांचा सल्ला होता आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी सरकारी संस्था निघाली. आधी शिक्षक, मग बाकीचे. आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो? सहावी ते आठवीत शंभरांवर मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक. पहिली ते पाचवीसाठी तेवढेही नाही. तोल, पळणे, उडी, फेकणे, झेलणे हे ज्या वयात अंगात भिनते, नेमक्या त्या वयात कायद्याला या विषयाचा शिक्षक आवश्यक वाटलेला नाही. पुढे आठवीत त्याच मुलांना ‘तुम्हाला खेळायची आवडच नाही’ म्हणून बोल लावायला मात्र आपण मोकळे.

माझी मागणी साधी आहे. प्राथमिक शाळेपासून प्रशिक्षित, पूर्णवेळ शिक्षक असावा. त्याची तासिका गणिताच्या सरांना परस्पर देता येऊ नये, आणि मुलींना झाडाखाली बसवून ती पार पाडता येऊ नये. मुलाची तुलना शेजारच्या चॅम्पियनशी न करता त्याच्याच जूनमधल्या दमाशी व्हावी. त्यातून पदके आली तर आनंदच आहे, नाही आली तरी तास वाया गेलेला नसतो.

पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेवर बोलून झाले की वर्गशिक्षकांना एवढेच विचारा: या महिन्यात पीटीचे किती तास झाले, ते कोणी घेतले, आणि त्यात माझ्या मुलीने काय केले?