सोवळं म्हणजे आरोग्यशास्त्र नव्हे!

कोरोनाच्या काळात एक प्रचार जोरात झाला आणि तो अजून थांबलेला नाही. आपल्या पूर्वजांना म्हणे जंतू ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी सोवळं-ओवळं पाळलं. अस्पृश्यता ही मुळात आरोग्याची शिस्त होती. आपले शिकलेले तरुणही हे ऐकून गप्प बसतात. म्हणून आम्ही या दाव्याला साथरोगांच्या इतिहासातूनच उत्तर देतो.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने शेकडो माणसं मेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरवार नोंद केली, तेव्हा संशय ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर आला. पंपाचा दांडा काढला गेला. पाणी कोणत्या जातीच्या माणसाने भरलं, याच्याशी कॉलऱ्याला देणंघेणं नव्हतं. पाण्यात मैला मिसळत होता. १८८४ साली रॉबर्ट कोख यांना कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू सापडलाही.

आता महाडला या. चवदार तळं नगरपालिकेचं. १९२४ साली ठराव करून ते सर्वांना खुलं झालेलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तिथलं पाणी प्यायली. मग सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं. कसं? १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण-गोमूत्र कालवलं आणि मंत्र म्हणत परत तळ्यात ओतलं! कोखच्या शोधाला तेव्हा ४३ वर्षं झाली होती. पिण्याच्या पाण्यात शेण टाकणाऱ्यांना जंतू ठाऊक होते, असं कुणी सांगत असेल तर त्याला महाडचा रस्ता दाखवा.

कुणी विचारेल, अंतर ठेवल्याने संसर्ग थांबतोच ना? थांबतो. पण विलगीकरण आजारी माणसाचं असतं, तेही बरं होईपर्यंत, आणि त्या काळात त्याला औषध-पाणी द्यायचं असतं. अस्पृश्यतेने धडधाकट माणसाला जन्मापासून मरेपर्यंत दूर ठेवलं आणि त्याचं पाणीच तोडलं. या दोन गोष्टी एक कशा?

१८९७ च्या पुण्याच्या प्लेगचा इतिहास आपल्याला रँड आणि चापेकरांपुरता शिकवला जातो. रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या २२ जूनला. त्याआधीच, १० मार्चला, सावित्रीमाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आणलं होतं. सोवळं पाळलं असतं तर माई वाचल्या असत्या, पण मग त्या माई नसत्या.

त्याच साथीत मुंबईच्या पालिकेला धास्ती होती की हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. म्हणजे ज्यांना शिवणं पाप, त्यांच्याच हातांवर शहराचं आरोग्य उभं होतं!

आजही तेच आहे. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावलं. तरी माणसं गटारात उतरवली जातातच.

म्हणून आमचं सांगणं एवढंच : जयंतीच्या मिरवणुकीइतक्याच ताकदीने वॉर्ड ऑफिसात जा. वस्तीच्या नळाच्या पाण्याची तपासणी मागा. गटार सफाईचं यंत्र कुठे आहे, विचारा. उत्तर लेखी घ्या. चवदार तळ्याचा लढा पाण्याच्या हक्काचा होता, तो अजून संपलेला नाही.

जय भीम!