लांब ओळ कुठे मोडायची?

मंडळी, ज्यांचा कोडशी काही संबंध नाही त्यांनीही हे वाचावं. प्रश्न शेवटी वाचण्याचाच आहे.

वेबपानावर कोड दाखवायला 'प्री' नावाचा टॅग असतो. त्यात मोकळ्या जागा आणि ओळी लिहिल्या तशाच राहतात. अडचण होते ती लांबलचक ओळीची. ती चौकटीत मावत नाही. मग एक तर चौकटीला आडवा स्क्रोलबार द्यायचा, नाहीतर ओळ आपोआप खाली दुमडू द्यायची.

एके काळी यावर ब्राउझरांचंच एकमत नव्हतं. दुमडण्याचा 'प्री-रॅप' हा नियम इंटरनेट एक्सप्लोररला २००९ च्या आठव्या आवृत्तीत कळू लागला. फायरफॉक्सलाही २००८ पर्यंत त्याच नियमाचं स्वतःचं निराळं नाव लागायचं. आता ते भांडण मिटलं. एक्सप्लोररही २०२२ साली निवृत्त झाला... आमच्या पंगतीत आला म्हणायचा!

पण वाचणाऱ्याची अडचण संपली नाही. मोबाइलवर बोट फिरवेपर्यंत स्क्रोलबार बहुधा दिसतच नाही. ओळ संपली असं वाटतं आणि उरलेला भाग उजवीकडे लपलेला असतो. एखादं शिकणारं पोर ती आज्ञा कॉपी करून चालवतं. त्या लपलेल्या टोकाला फाइली पुसायची सूचना असली तर? न वाचता कागदावर सही करण्यातलाच हा प्रकार. म्हणून शिकवण्यासाठी दाखवलेला कोड दुमडलेला असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा अर्थ ठरवते. दुमडून खाली आलेला तुकडा नवी ओळ वाटतो. कॉपी करणाऱ्याचं त्यात बिघडत नाही, पण बघून टाइप करणारा फसतो. ओळींना क्रमांक दिले की हा घोटाळा बराच टळतो.

त्याहून बरं म्हणजे लिहिणाऱ्यानेच ओळ अर्थ पाहून मोडावी. पायथॉनच्या २००१ सालच्या लेखनसंकेतांत ओळ ७९ अक्षरांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. कंसाच्या आत ओळ तोडायची मुभा ती भाषाच देते. युनिक्सच्या आज्ञेतही ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ दिली की पुढचं खाली लिहिता येतं.

आपल्या जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत, मोडीतही तसंच. पदच्छेद करायचा तो वाचणाऱ्याने. पण वर्गात आम्ही तो मुलांवर सोडत नसू, फळ्यावर शब्द सुटे करून दाखवत असू. ब्राउझर ओळ मोडतो ती जागा संपली म्हणून, शिक्षक मोडतो ती अर्थ पुरा झाला म्हणून. हा फरक यंत्रावर सोपवू नये.

तुम्ही काय करता? स्क्रोलबार की दुमडणं? जरूर कळवा.