घोड्याची कसोटी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1955 पासून एक विलक्षण अश्वस्पर्धा होत आली आहे. टेव्हिस चषक या नावाने ती ओळखली जाते. सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून शंभर मैल चोवीस तासांत तोडावयाचे! परंतु तेथे केवळ वेगाला मान नाही. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोड्याला थांबवितात. नाडीचे ठोके मिनिटाला साठाच्या घरात उतरावे लागतात. कातडी चिमटीत धरून सोडतात. ती चटकन पूर्ववत् झाली नाही, तर अंगातील पाणी घटले असे समजावे. मग घोड्याला दुडक्या चालीने चालवून पाहतात. तो लंगडताना दिसला, की स्वार कितीही पुढे असो, त्याची स्पर्धा तेथेच संपते. अंतिम रेषा गाठल्यावरही ही तपासणी चुकत नाही.

हा नियम एखाद्या स्वाराला जाचक वाटेल. पण त्याची तक्रार ग्राह्य धरता येत नाही. स्वार स्वेच्छेने स्पर्धेत उतरतो. घोड्याला कोण विचारतो? टाच लागताच तो मुका जीव वेदना सोसूनही पुढे धावतो.

पहिल्या दहांतील सर्वांत सुस्थितीतील घोड्यासाठी 1964 पासून हॅगिन चषक आहे. खरे पाहता तोच थोरला मानावयास हवा. त्याची पारख दुसऱ्या दिवशी करतात.